आज पायल काय म्हणाली?

अख्ख्या सुरतेत झोपलेल्या माणसाचा माझ्या नणंदेएवढा मोठा वैरी दुसरा कोणी नसेल. ती मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि वॉर्डही साधासुधा नव्हे. डोक्याला मार लागलेली, मेंदूज्वर झालेली, फिट्स येऊन येऊन निपचित पडलेली मुलं तिथे असतात. दिवसभर त्या न उठणाऱ्या पोरांत वावरून आल्यावर घरात कोणाचे डोळे मिटलेले तिला बघवत नाहीत. दुपारी जरा आडवं व्हावं, तर ही हळूच येऊन आपल्याला कुशीवर वळवते, पाठीला उशी लावते, टाचेखाली चादरीची घडी सरकवते. "एका अंगावर पडून राहिलं की कातडी जाते," असं तिचं म्हणणं. आमच्या ह्यांना बहिणीची सवय होती. मला मात्र लग्नानंतर कितीतरी दिवस आपल्याला कोणीतरी लोळवतंय अशी स्वप्नं पडत. एकदा भुसावळहून माझे मामा आले आणि उंधियू हाणून सोफ्यावर लवंडले. हिने त्यांची पापणी वर करून टॉर्च मारला आणि विचारलं, "मामा, आत्ता कुठे आहात, सांगा बघू?" मामा अर्धवट झोपेत म्हणाले, "भुसावळला." झालं! उरलेली दुपार तिने त्यांना झोपू दिलं नाही. त्यानंतर मामा सुरतेला आले की माझ्या चुलतभावाकडे उतरतात.

कोणाला हात लावायचा तर आधी सांगून लावायचा, हा ताईंचा दुसरा नेम. समोरचं मूल शुद्धीत नसलं तरी त्यात सूट नाही. "तोंड पुसते हं, पाणी गार आहे." गुजराती मूल असेल तर, "दीकरा, हवे सोय वागशे हं," म्हणजे बाळा, आता सुई टोचेल. ही सवय दवाखान्यात ठेवून घरी येणं काही त्यांना जमत नाही. कणकेला सांगतात, "मळते हं." दुधाच्या पातेल्याला सांगतात, "उतरवते हं." गॅसचं सिलिंडर बदलताना तर त्यांनी त्याला "झालंच, झालंच" असा धीर दिलेला मी माझ्या कानांनी ऐकला आहे. (त्यांच्याविषयी लिहिताना माझं 'ती' आणि 'ताई' असं मागेपुढे होतं. तोंडावर अहो-जाहो असतं, मनात एकेरी असतं. नणंदेच्या बाबतीत तेवढं चालायचंच.)

उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, जवळ आली की तिला काही सुचत नाही. सोसायटीतल्या मुलांनी पतंग बसून उडवावा असा तिचा आग्रह. एका वर्षी तिने खरोखरच सगळ्यांना अगाशीवर पंगतीला बसवल्यासारखं मांडी घालून बसवलं. मुलं खाली बसलेली, पतंग वर गटांगळ्या खाताहेत, आणि शेजारच्या अगाशीवरचे लोक "काप्यो छे" ओरडायचं सोडून आमच्याकडे बघत उभे! मी लाजेने खाली निघाले, तेव्हा ती म्हणाली, "हसू देत त्यांना. सणाच्या दिवशी माझ्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत."

पण या सगळ्यापेक्षा मोठी गंमत रात्रीच्या जेवणाला असे. ताटावर बसली की ती वॉर्डातल्या बातम्या सांगायची. पलसाण्याचा एक मुलगा भारी तापट, त्याला आंघोळ म्हटली की संताप येतो. बारडोलीची एक बाई कायम नटायच्या तयारीत, वय वर्षं चार. आणि नवागामची पायल तर बोलण्यात कोणाला हार जायची नाही. "आज पायल म्हणते, सिस्टर, तुमची वेणी वाकडी आहे. आधी स्वतःची घाला, मग माझी." ताई प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायची. माझी धाकटी तर घास हातात धरून विचारायची, "आत्या, आज पायल काय म्हणाली?" शाळेतल्या मैत्रिणींपेक्षा तिला या पोरांची खबर जास्त असायची.

एकदा ताईंचा डबा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला वॉर्डात गेले. जिच्याविषयी इतकं ऐकलं होतं ती पायल कुठली, असं मी हौसेने विचारलं. ताईंनी खिडकीजवळच्या खाटेकडे बोट केलं. सातेक वर्षांची पोर. डोक्याचे केस काढलेले होते ते बोटभर वाढलेले. नाकात नळी, डोळे अर्धे उघडे, मुठी आत वळलेल्या. नवागामच्या अगाशीवर भावाची फिरकी धरून ती मागे मागे सरकत गेली आणि कठडा नव्हता. तेव्हापासून ती एक शब्दही बोललेली नव्हती. वेणी घालण्यासारखे केसही नव्हते. पलसाण्याचा तो तापट मुलगा पलीकडेच होता, भिंतीकडे तोंड करून, शांत. मी डबा ठेवला आणि बाहेर येऊन जिन्यात रडले. आमच्या घरी रोज जेवायला येणारी ती सगळी मुलं अशी होती.

पायलची आई भुसावळकडची, रोज खाटेशी असायची. नवरा कापडाच्या लूमवर कामाला, मोठा मुलगा शेजारणीकडे. लेक काय म्हणते ते तिला ताईंकडूनच कळायचं. ताई नळीतून पातळ अन्न देताना सांगायच्या, "आज म्हणते, आईचा नवा पदर छान आहे," आणि ती माउली खरोखर पदर सारखा करायची. तोंडाने काही द्यायचं नाही, गिळणं गेलंय, घास छातीत उतरेल, हेही ताईंनी तिला पुष्कळदा बजावलं होतं. पण एका सकाळी अंग पुसता पुसता ताई बोलून गेल्या, "आज तुझी लेक रुसलीय. म्हणते, ही नळी नको, मला आईच्या हातचं खायचंय."

दुपारी ड्यूटी बदलायच्या गडबडीत आईने घरून आणलेला शिरा दुधात पातळ केला आणि लेकीच्या ओठांत चमचा घातला. गळा हलला. ताई घरी यायला निघाल्या होत्या, त्यांना गाठायला ती हसत धावत आली. "ताई, तिनी खाई लिधं! तुम्हीच सांगं व्हतं ना, तिले मन्हा हातनं खावानं शे!"

ताई पर्स टाकून पळाल्या. पोर निळी पडली होती. घशातून ओढून काढता आलं तेवढं काढलं, पण काही छातीत उतरलंच होतं. ताप चढला, तो उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांच्या छातीत कफ भरतोच, आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं. ताईंनी मोठ्या सिस्टरकडे जाऊन सकाळी आपण काय बोललो ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवुं तो बधा बोले, बेन." असं सगळेच बोलतात. त्यावर ताईंना शिक्षा झाली नाही, आणि ती झाली असती तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

पायल गेली त्या दिवशी ताईंनीच तिची नळी काढली, तोंड पुसलं. या वेळी त्या आधी काही बोलल्या नाहीत. आई भिंतीला टेकून बघत होती. सगळं आवरल्यावर तिने विचारलं, "ताई, शेवटले काय बोलनी ती?"

एरवी कोणाच्याही वतीने बोलायला ताईंना क्षण लागत नसे. त्या आईने वाट पाहिली आणि मग स्वतःशीच म्हणाली, "बोलनी व्हई काही तरी. मन्हासंगे तं ती कधी बोलनीच नही."

हे मला ताईंनी स्वयंपाकघरात सांगितलं, कणीक मळता मळता. कणकेला काही न सांगता. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी परात धरून उभी राहिले.

ताई अजून त्याच वॉर्डात आहेत. काम चोख करतात म्हणे, पहिल्यासारखंच, पण मुकाट्याने. माझ्यापुरतं विचाराल तर मला त्यांचं ते खोटं परत हवं आहे. त्या पोरांना एवढा एकच आवाज होता. त्या आठवड्यात धाकटीने सवयीने विचारलं होतं, "आत्या, आज पायल काय म्हणाली?" ताईंनी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "काही नाही, बाळा. तिथे कोणीच काही म्हणत नाही."

मग तिने विचारायचं सोडून दिलं. आमची जेवणं आता लवकर आटोपतात.