शेवटचा फर्मा आधी आला

बाइंडिंगच्या खोलीत चार टेबलं होती. त्यातलं खिडकीजवळचं टेबल सव्वीस वर्षं एकाच बाईंचं होतं. त्यांना सगळे मावशी म्हणत. सुपरवायझर वयाने दोन वर्षांनी मोठा, पण तोही मावशीच म्हणे.

काम घडीचं. छापखान्यातून मोठाले कागद येत, एकेका कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापलेली. त्याला फर्मा म्हणतात. तीन घड्या घातल्या की सोळा पानं आपापल्या जागी बसतात. आकड्यावर आकडा यायला हवा, कडेला कड लागायला हवी, मग घडीवर हाडाची पट्टी एकदाच दाबून फिरवायची. दोनदा पट्टी फिरवणारे मावशींना खपत नसत. "पहिल्या वेळी मन कुठे होतं?" एवढंच विचारायच्या. समोरच्याला तेवढं पुरत असे.

हाताखालून हजारो पुस्तकं गेली, पण मावशींनी वाचलं एकही नव्हतं. वाचायला लागलं की घडी चुकते, असा त्यांचा अनुभव. हे बदललं सहा वर्षांपूर्वी. सात वर्षांची नात पाय मोडून प्लास्टरमध्ये पडली होती आणि घर डोक्यावर घेत होती. त्याच आठवड्यात मुलांच्या एका पुस्तकाच्या काही प्रतींची कव्हरं वाकडी चिकटली. सुपरवायझरला विचारून मावशींनी त्यातली एक घरी नेली. समुद्राकाठच्या उंच कड्यावर एक गाव, तिथले वारे बरण्यांत कोंडून ठेवलेले, आणि त्या बरण्या राखणारी एक मुलगी. मावशी खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचू लागल्या. चार पानांनंतर घसा सुकला म्हणून थांबल्या, तर नात म्हणाली, "पाणी पी आणि पुढे चल." तिसऱ्या दिवशी नातीची आई कामावरून आली तेव्हा दोघींपैकी एकीनेही मान वर केली नाही.

दुसरा भाग दोन वर्षांनी आला, तिसरा आणखी दोन वर्षांनी. तिसऱ्याचा शेवट फार वाईट जागी झाला. मुलीला सगळं शिकवणारा म्हातारा राखणदार सर्वांत मोठी बरणी काखेत मारून पहाटे गावाबाहेर चालू लागला, आणि पुस्तक संपलं.

"चोर आहे तो," नातीने तिथल्या तिथे निकाल दिला.

"मुळीच नाही. बारा वर्षं रोज न चुकता झाकणं पुसणारा माणूस चोर नसतो."

"आजी, झाकणं पुसली म्हणून काय झालं? चोरायची होती म्हणूनच पुसत असेल."

"चोरायचं असतं तर कोपरे सोडून पुसली असती."

हा वाद दोन वर्षं चालला. भांडी घासताना, दवाखान्याच्या रांगेत, फोनवर. नात आता तेरा वर्षांची झाली होती. तिच्या मैत्रिणी अशा पुस्तकांना नाकं मुरडत. नात मात्र वहीत अंदाज लिहून ठेवी, खाली तारीख टाकी आणि आजीची सही घेई.

चौथा भाग छपाईला येणार, ही बातमी मावशींनीच घरी आणली. नात आनंदाने ओरडली आणि मग एकदम आजीकडे वळली.

"म्हणजे तुझ्या हाताखालून जाणार."

"जाणारच. माझं काम आहे ते."

"तू एक ओळसुद्धा वाचायची नाहीस. पुस्तक दुकानात आलं की पहिल्या पानापासून दोघींनी एकदम. कबूल?"

"मी घडी घालताना आकडे बघते. अक्षरं बघत नाही."

"कबूल म्हण."

"कबूल, बाई!"

मंगळवारी सकाळी कागद आले, आणि आले ते शेवटून. पहिल्या फर्म्यात प्रकाशकाचे काहीतरी बदल चालू होते, म्हणून छापखान्याने उलट्या टोकाने सुरुवात केली होती. बारावा फर्मा, पानं एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव. दोन वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट टेबलावर आली, आणि आधी आला तो तिचा शेवट.

मावशींनी चष्मा काढून खिशात ठेवला. आकडे मोठे होते, तेवढे दिसत. बाकी पान म्हणजे राखाडी पट्टा. त्यांनी घडी धरली.

पंचविसाव्या कागदाला हात थांबला. एकशे एकोणनव्वद नंबरचं पान अर्धं कोरं होतं. म्हणजे तिथे प्रकरण संपत होतं. मग नव्वदच्या डोक्यावर नव्या प्रकरणाचं नाव हवं, आधीच्या भागांत असायचं तसं बरणीचं चित्र हवं. तिथे काहीच नव्हतं, वरपासून मजकूर भरलेला. बरणीचं चित्र सापडलं सत्त्याऐंशीवर, आणि त्याच्या आधीचं पान तर खालपर्यंत गच्च. आकडे सगळे ठीक. पानांचा आकार मात्र खोटं बोलत होता.

शेजारच्या खोलीत हाच फर्मा छापणारं मशीन चालूच होतं.

मावशी कागद घेऊन सुपरवायझरकडे गेल्या. त्याने आकडे मोजले. "बरोबर तर आहेत."

"आकडे बरोबर आहेत. मजकूर इकडचा तिकडे झालाय. मशीन थांबवा."

"असं कसं थांबवू? प्रकाशकाचा माणूस प्रवासात आहे, फोन लागत नाही. थांबवलं आणि काही नसलं तर मला काय उत्तर आहे? कुणीतरी वाचून ठाम सांगा, लगेच थांबवतो."

कटिंगवाले काका मोकळे होते. मावशींनी कागद त्यांच्या हातात दिला आणि स्वतः चार पावलं लांब उभ्या राहिल्या. काकांनी ओठ हलवत पाच पानं वाचली.

"ठीक आहे की. म्हातारा पाण्यात पडतो, मग शेकोटीपाशी बसतो, मग परत..."

"अहो, सांगू नका मला!" मावशींनी दोन्ही कान दाबले.

"सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार कसं?"

"तुम्हाला त्यात काही चुकलेलं वाटलं का, तेवढं बोला."

"जादूची गोष्ट ना? बुडाला, शेकला, परत बुडाला. जादूत चालतं तसं."

"चालत नाही!" मावशींचा आवाज चढला. "ह्या गोष्टीत जादूला नियम आहेत. वारा एकदा बरणीतून सुटला की परत आत जात नाही. माणूसही एका वेळी एकाच जागी असतो."

"मग तुम्हीच वाचा. तुम्हाला नियम ठाऊक, आम्हाला कुठे?"

काका चेष्टेने म्हणाले, पण बोलणं खरं होतं. त्या खोलीत आधीचे तीन भाग वाचलेलं दुसरं कुणी नव्हतं. पलीकडे मशीन धडधडत होतं, आणि प्रत्येक ठोक्याला कुठल्या तरी पोराच्या वाट्याचं एक पुस्तक बिघडत होतं. त्या पोरांनीही दोन वर्षं वाट बघितली होती. नातीला दिलेला शब्द आठवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

पाच पानांत चूक सापडली. सत्त्याऐंशी आणि नव्वद ह्या दोन पानांचा मजकूर एकमेकांच्या जागी बसला होता. तिथे थांबता आलं असतं. पण दोन पानं फिरली तर आणखीही फिरली असतील, आणि अर्धवट तपासून सही करणं मावशींना कधी जमलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या आणि सोळाच्या सोळा पानं वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत. बाकी सगळं जागेवर होतं. चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, सही केली. सुपरवायझरने ती वाचली, मशीनच्या खोलीत गेला, आणि धडधड थांबली.

"मावशी, तुम्ही रडताय का?"

"चष्म्याचा नंबर बदललाय," मावशी म्हणाल्या.

घरी जाताना त्यांनी ठरवलं की गप्प बसायचं. नातीला कळायचं कारण नव्हतं. जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत हा बेत टिकला. दार उघडून नात समोर आली आणि त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"तू वाचलंस."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. पाणीसुद्धा न पिता झालं ते सगळं सांगितलं. घडी, कोरं पान, काकांचं वाचन, चिठ्ठी. गोष्टीतलं मात्र अवाक्षर सांगितलं नाही. नात आतल्या खोलीत निघून गेली. मावशींनी कणिक मळायला घेतली आणि गरजेपेक्षा बराच वेळ मळत राहिल्या.

अर्ध्या तासाने नात दारात येऊन उभी राहिली.

"तू वाचलं नसतंस तर माझ्या पुस्तकात पण तीच चूक आली असती?"

"सगळ्यांच्याच."

"आणि मला वाटलं असतं, मलाच कळत नाहीये." ती ओट्याला टेकली. "शेवटची सोळाच ना? मग बरण्या राखणारी मुलगी शेवटापर्यंत पोचली कशी, हे तुलाही माहीत नाही."

"कुठून माहीत असणार? आधीचे अकरा फर्मे छापायचेत अजून. जीव टांगणीला लागलाय माझा."

नातीला हसू आवरेना. "चांगली शिक्षा झाली तुला. पुस्तक आलं की तूच मोठ्याने वाचायचं, आणि चेहरा हलवायचा नाही. म्हाताऱ्याचं नाव आलं तरी नाही."

"नाही हलवणार."

"आत्ता हलला!"

"कणकेला जोर लावतेय मी."

मग नात अगदी हळू आवाजात म्हणाली, "एकच विचारू? हे सांगितलंस तर चालेल. पाचवा भाग आहे का गं?"

मावशींनी मनात तपासून पाहिलं. ह्याने गोष्टीतलं काही फुटत नव्हतं.

"आहे. शेवटच्या ओळीखाली तसं छापलंय."

नातीने आजीला कणकेच्या हातांसकट मिठी मारली. "म्हणजे अजून दोन वर्षं! मी पंधराची होईन तेव्हा."

"आणि मी घरी बसलेली असेन. पुढच्या वर्षी निवृत्त होते आहे मी. तो भाग माझ्या टेबलावर येणार नाही."

हे त्या पहिल्यांदाच कुणाजवळ बोलत होत्या. नातीने क्षणभर विचार केला.

"बरंच झालं की," ती म्हणाली. "म्हणजे तुला आधी वाचता येणार नाही."