दह्याचा अर्धा डबा

कौसानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे प्लास्टिकच्या डब्यातलं दही एकाच चमच्यानं खाल्लं ते. तेही अर्धंच. बाकीचं अर्धं तिनं खाऊ दिलं नाही.

जागा ऑस्ट्रियातल्या मोठ्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप. बाहेर पाऊस. आमची पोरगी वैशाली जर्मनीत नोकरीला आहे, तिनं हट्टानं फिरायला नेलं होतं. आदल्या दिवशी तळं पाहून झालं, दुसऱ्या दिवशी बर्फाचा डोंगर पाहायचा, आणि मधला हा सगळा दिवस गाडीत. पोरगी चालवत होती, मी तिच्या बाजूला, कौसा मागं पाय वर घेऊन. पोरगी म्हणाली, "आई, पावसात काहीच दिसत नाही, झोप थोडी."

"मले दिसते. मका उभा वाळून राह्यला, अन् एक बाई नाई वावरात. इथच्या बाया करतात तरी काय वं?"

माझी बायको अशी होती. अंगानं लहान, आवाजानं मोठी. दोन्ही हातांनी कापूस वेचायची आणि तोंड तिसरीकडं चालायचं. मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नुसता उभा दिसलो तरी म्हणायची, "तुमी उभे राह्यले का धुऱ्यालेबी ओझं होते."

आमच्याकडं कापसाची पहिली वेचणी सीतादहीनं होते. घरची बाई सकाळी शेतात जाते, एका झाडाखाली सात खडे मांडते, हळदकुंकू लावते, दहीभात वाढते, उरलेला शेतात शिंपडते. मगच बोंडाला हात. हे बायांचं काम. पुरुष तेव्हा धुऱ्यावर बिडी ओढतात. मीही ओढली. कौसा लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या शेताचं दही एकाही साली चुकलं नाही.

बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा तालुक्याला, मोताळ्याच्या दुकानासमोर पाकिटासाठी रांगा लागत. मोठ्या पाकिटासोबत एक लहान पाकीट मिळायचं, साध्या सरकीचं. शेताच्या कडेनं लावा म्हणत, म्हणजे अळीला तिकडं खायला राहील. लोक ते फेकून देत, जागा कोण वाया घालवतो. कौसानं कधी फेकलं नाही. चारी बाजूंनी लावायची. मी म्हटलं, "अवं, अळीसाठी पेरते काय तू?"

"तिलेबी पोट हाये. आपलं नाव सातबाऱ्यावर हाये म्हणून तिनं काय उपाशी मराव?"

पुढं गुलाबी अळी आली आणि आमचाही कापूस किडला. कडेचा वाटा काही कामी आला नाही. बोंड फोडलं की आत अळी. गावात कुणी उभ्या पिकात ढोरं सोडली, कुणी नांगर घातला. एका-दोघा घरांत तर माणूसच उरला नाही, त्यावर मी जास्त लिहीत नाही. त्या साली मी कौसाला म्हटलं, औंदा दही राहू दे, वेचायला आहेच काय. ती दह्याचं गाडगं घेऊन दारात उभी होती.

"पोरगं नापास झालं तं त्याचं जेवन बंद करता काय?"

गेली आणि देऊन आली.

या खेपेला आम्ही परत येईपर्यंत बोंडं फुटणार नाहीत, असा तिचा अंदाज होता. म्हणून तर ती विमानात बसली. कापसानं अंदाज पाळला नाही. त्या पेट्रोलपंपावर असताना नसीमबीचा फोन आला. तिचं शेत आमच्या धुऱ्याला लागून. धुरा एकच, म्हणून दोघींचं भांडण तिथंच आणि चहाही तिथंच.

"वहिनी, तुमचा कापूस फुटला. दोन-तीन दिवसांत पानी सांगून राह्यले. उद्याच बाया लावू काय?"

"लाव. पन मी दही देल्ल्याबिगर कोनाले बोंडाले हात लावू देऊ नोको."

"तुमी तं परदेसात हाये नं?"

"मंग? इथंबी जमीनच हाये. सकाळी देईन अन् फोन करीन. तवर बायाइले धुऱ्यावर बसव."

वैशाली हसली. म्हणाली, "आई, शेत तिकडं, दही इकडं. पोचणार कसं?"

"तुहा फोन पोचते तसं."

मग तिनं पोरीला दुकानात पिटाळून दही आणवलं. चाखून म्हणाली, "साय नाई याले. पन आंबट हाये, चालते." पोरीच्या घरून आणलेल्या भातासोबत आम्ही अर्धं खाल्लं. बाकीच्या डब्यावर झाकण दाबून तिनं तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. घाटाची वळणं लागली. मी म्हटलं, दे इकडं, मी धरतो.

"तुमी खाऊन टाकसान."

संध्याकाळी हॉटेलात पोचलो तर रस्त्यापलीकडं कापलेल्या मक्याचं शेत होतं. तिनं खिडकीतून ते पाहून ठेवलं. "सकाळी तिथं," म्हणाली. दही खिडकीबाहेर गारव्याला ठेवलं, उरलेला मूठभर भात त्याच्या डब्यात झाकून ठेवला आणि झोपली.

रात्री कधी गेली ते मला कळलं नाही. आवाज केला नाही, आणि ही बाई आवाजाशिवाय काहीच करत नव्हती. सकाळी डॉक्टर आला, पोरीनं त्याचं बोलणं मला सांगितलं, हृदय बंद पडलं. मग पोरगी कौसाजवळ बसून फोनवर त्यांच्या भाषेत बोलत होती, मधेच रडत होती. तिथं मला काही काम नव्हतं. आपल्याकडं तोवर उन्हं वर आली असतील, बाया धुऱ्यावर बसल्या असतील.

खिडकीतून दही घेतलं. भात होता. हळदकुंकवाची डबी तिच्या पिशवीत होती. सुतकात दही देत नाहीत आणि पुरुष तर देतच नाही, हे दोन्ही मला माहीत आहे. सात खडे रस्त्याच्या कडेला सापडले. पावसाची भुरभुर होती, कुंकू टिकेना, दोनदा लावलं. दही देताना बाया काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. धुऱ्यावर कधी ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "कौसानं पाठवलं." दहीभात वाढला, उरलेला शेतात शिंपडला आणि तिथूनच फोन लावला.

"भाऊ, तुमी?" नसीमबी म्हणाली. "वहिनीनं देल्लं काय दही?"

"देल्लं. बायाइले म्हना, वेचा. अन् संध्याकाळी सगळ्या घरी गेल्या का मले फोन करजा. सांगायचं हाये."

डब्याच्या कडेला थोडं दही राहिलं होतं. ते बोटानं पुसून खाल्लं आणि वर पोरीकडं गेलो.