डॉक्टरांचं मांजरपाट

आतून ‘टर्र’ असा आवाज आला की बाहेर बाकावर बसलेले पेशंट एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. कुणी नवखा असला तर चपला शोधायला लागायचा. मग मला ओरडावं लागायचं, “बसा हो, माणूस न्हाय फाडलेला. कापड हाय.”

आमच्या डॉक्टरांची ती रीतच होती. हाडांचे डॉक्टर, पण सगळा जीव खांद्यात. नव्वद सालानंतरच्या दिवसांत मी त्यांच्या दवाखान्यात झाडलोट, पाणी, पट्ट्या आणि आरडाओरडा बघायचे. शाळा चौथीपर्यंत. पण खांदा किती तऱ्हांनी फाटतो ते मला विचारा, कारण त्यासाठी लागणारं मांजरपाट मीच आणून त्याचे चौकोन करून ठेवायचे.

खांद्याच्या गोळ्यावर म्हणे चार स्नायूंची टोकं तान्ह्या पोराच्या टोपड्यासारखी बसलेली असतात. ते टोपडं फाटलं की हात वर जात नाही. डॉक्टर पेशंटला दोन्ही हात पुढं धरायला लावायचे, भरला पेला पालथा करताना धरतात तसे, आणि वरून दाबायचे. मग म्हणायचे, “कसं फाटलंय ते बघूया.” आणि चौकोन उचलायचे.

कुणाचं नुसतं विरलेलं असायचं, तर कापड नखानं खरवडून उजेडात धरायचे. कुणाचं शर्टाच्या काजाएवढं. कुणाची काठाला चंद्रकोर, कुणाचा खिळ्याला साडी अडकल्यावर पडतो तसा खोंबारा. सगळ्यात वाईट म्हणजे काठापासून तुटून मागं पळालेलं. लोकांना पाहिजे असायची गोळी, हातात यायची चिंधी.

एकदा मी म्हटलं, “डॉक्टर, फाटलंय एवढं सांगितलं तर भागंल की. कापडाची नासाडी कशाला?”

“आक्का, फाटलं हे कुणीही सांगेल. कसं फाटलं ते कळल्याशिवाय शिवायचं कसं?”

एकदा मांजरपाट संपलं तेव्हा त्यांनी दोरीवर वाळत घातलेला माझा नवा टॉवेल फाडला. खोंबारा झकास दाखवला, पण टॉवेल माझा होता. दोन दिवस मी त्यांना चहा दिला नाही.

शाहूवाडीकडची एक म्हातारी होती, भातलावणी करून खांदा गेलेली. डॉक्टरांनी तिला चंद्रकोर फाडून दिली, “घरच्यांना दाखवा आणि ऑपरेशनचं ठरवा” म्हणून सांगितलं. म्हातारी महिन्यानं उगवली आणि तीच चिंधी टेबलावर आपटली. बारीक टाक्यांनी शिवलेली.

“शिवून बी झालं, उशाला घेऊन झोपून बी झालं. हात काय वर जाईना की!”

बाकावरची माणसं हसून वाकडी झाली. डॉक्टर हसले नाहीत. चष्मा वर करून टाके बघत बसले. “आजी, टाका सुरेख आहे. आता आतला मी घालतो.” घातला आणि तिचा हात वर गेला. तेव्हापासून दर सुगीला ती डोक्यावर तांदळाचं गठुळं घेऊन यायची. गठुळं स्वतः उतरवायची, डॉक्टरांना दाखवायला.

दवाखान्याचं शटर रोज सकाळी डॉक्टर स्वतः एका हिसक्यात उचलायचे. एका पावसाळ्यात पायरीवरून पाय घसरला आणि शटरची कडी धरून लोंबकळले. “मुका मार आहे,” म्हणाले. त्यानंतर रोज, शटर उचलायला मी येईपर्यंत चष्मा पुसत उभे राहायला लागले. एप्रन खुंटीवर न अडकवता खुर्चीवर टाकायला लागले. मी न विचारता कमरेइतक्या उंचीवर एक खिळा ठोकला. दुसऱ्या दिवसापासून एप्रन तिथं लटकायला लागला. मांजरपाटाला तर कात्री आली. ‘टर्र’ गेलं, ‘कच्च’ आलं.

ऑपरेशनं मात्र चालूच होती. टेबलावर माणूस उघडा पडलेला आणि ह्यांचा हात अडला तर काय, एवढीच माझी धास्ती. मी म्हटलं, “डॉक्टर, दुसऱ्याला पेला पालथा करायला लावताय. एकदा तुमचा करून बघा की.”

“आक्का, फरशी पुसा.”

पुसली.

मग एक दिवस कात्री धार लावायला गेली होती आणि कसबा बावड्याचा एक ऊसवाला खांदा धरून आला. डॉक्टरांनी चौकोन घेतला, ओढला. फाटला नाही. पुन्हा ओढला. ओठ पांढरे पडले, पण कापड तसंच.

“मांजरपाट हाय का गोणपाट?” ऊसवाला म्हणाला. “आणा हिकडं.” आणि दुखऱ्या हातानंच टर्रकन फाडून दिलं.

डॉक्टर त्याच्या हाताकडं बघत राहिले. म्हणाले, “तुमचं काही फाटलेलं नाही. शेक घ्या.”

त्या गड्यानं जाऊन अख्ख्या बावड्यात सांगितलं, की तिथं कापड फाडलं की खांदा बरा होतो. पुढं आठवडाभर लोक घरनं जुनी धोतरं घेऊन येत होते.

पण त्या दिवशी तो गेल्यावर डॉक्टरांनी दार लोटलं. “आक्का, मी सांगतो तसं फाडा.” मी काठाला फाडलं. “अजून रुंद. आता मागं ओढा. अजून.” कडेला कड पोचेना इतकं मागं गेलं. “हे जुनं झालं की जुळत नाही,” म्हणाले.

कुणाचं ते मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, “उद्याच्या ऑपरेशनचं काय?”

“मिरजेला पाठवा.”

त्यानंतर त्यांनी सुरी धरली नाही. थोड्याच दिवसांत पुण्याला लेकीकडं गेले. किल्ली माझ्याकडं राहिली, धूळ झाडायला.

सुगीला शाहूवाडीची म्हातारी आली. डॉक्टर कुठं म्हणून तिनं विचारलं, तर मी तिच्यापुढं त्या दिवशी फाडलेलं ते कापड धरलं. “ह्यो त्यांचा खांदा.”

“आन् असाच सोडला व्हय?” म्हणून कापड कमरेला खोचून गेली.

पुढच्या खेपेला परत आणलं. “कडा जुळंनात बाई. ठिगळ लावलं.” मधोमध तिच्या लुगड्याचा तांबडा तुकडा.

मी म्हटलं, “कापड शिवून खांदा बरा हुत न्हाय. तुला ठावं हाय की.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “पर आलं तर दाव त्यास्नी.”

ते आले नाहीत. ती गेल्यावर मी ठिगळ दोन्ही हातांनी चांगलं ओढून बघितलं. टाका सुटला नाही. मग कापड खालच्या खिळ्याला अडकवलं आणि शटर ओढलं.