मागाखालची ओल

उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तटातट तुटतं. त्यावर आमच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी एकच इलाज होता. मागाखाली पाणी शिंपडायचं आणि खिडक्यांना ओली पोती टांगायची. आमचे माग चादरींचे, विजेवर चालणारे, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. चपला घालून मागाजवळ जायचं नाही ही आमची रीत, कारण जो आपल्याला जेवू घालतो त्याच्यापुढे चपला कशा घालणार? म्हणजे ओली जमीन, अनवाणी पाय आणि लोखंडी माग. आज हे एका ओळीत लिहिताना माझा हात थांबतो. तेव्हा कुणाचाच थांबला नाही.

आम्ही घरात तेलुगू बोलणारे. थोरल्या भावाच्या बायकोला आमच्यात वदिना म्हणतात. माझी वदिना भारी हुशार होती आणि भारी काटकसरी. मी शाळेतून आले की ती मला चिडवायची, 'आल्या बाईसाहेब, आता मागाला सुट्टी द्या.' मला राग यायचा आणि मग मी तिच्याच मागे मागे फिरायचे.

माग मधूनमधून 'चावायचा'. हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. त्याची कुणी तक्रार करत नसे, जसं शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्याची कुणी करत नाही. अम्मा, म्हणजे माझी आई, तेवढी लाकडी पाटावर उभी राहून सूत जोडायची आणि भाऊ तिला हसायचा.

वायरिंग झालं तेव्हा अर्थिंगचा खड्डा न्हाणीशेजारी घेतला होता. कोळसा आणि मीठ घालून त्यात लोखंडी पाइप पुरलेला. मागातून वीज गळाली तर ती तारेनं खड्ड्यात उतरून जमिनीत जिरायची. त्यासाठी खड्डा ओला राहायला हवा, म्हणून न्हाणीचं सांडपाणी त्यावर सोडलेलं. खड्डा आपोआप भिजत राहिला आणि आम्ही तो विसरून गेलो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला पाणी येईना. प्यायच्या पाण्याचीच मारामार, तिथे मागाखाली काय शिंपडणार? तोड वदिनानं काढली. आंघोळ मोठ्या घमेल्यात बसून करायची आणि तेच साबणाचं पाणी मागाखाली शिंपडायचं. थेंब वाया जाणार नाही. नायना म्हणजे माझे वडील, ते कौतुकात फार कंजूष, पण त्यांनीही गल्लीत सांगितलं की सून असावी तर अशी. गल्लीतल्या दोन-चार घरांनी तिचं बघून तसंच सुरू केलं.

न्हाणीतून एक थेंबही बाहेर जाईना. खड्डा कोरडा ठणठणीत पडला. तो कुणी बघितला नाही, कारण बघायची सवयच कुणाला नव्हती.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मोटरीच्या आतली तार उघडी पडली. वदिना तुटलेलं सूत जोडायला वाकली आणि तोल सांभाळायला तिनं मागाच्या चौकटीवर हात ठेवला. ओरडलीसुद्धा नाही. शेजारच्या मागावरच्या भावाला वाटलं, ती सूत शोधतेय. लक्षात आलं तेव्हा त्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. ती खाली कोसळली. दवाखान्यात नेली, पण न्यायचं म्हणून नेली.

फ्यूज शाबूत होता. दोन दिवसांनी भावानं तो काढून हातावर घेतला आणि कितीतरी वेळ बघत बसला. त्यातली तार नुसती काळीही पडली नव्हती.

भेटायला येणारे सगळे एकच शब्द बोलत होते, नशीब. मला तो ऐकून संताप यायचा. अजूनही येतो.

भाऊ रडला नाही. तेरावं झाल्यावर त्यानं माग बंद ठेवले आणि सगळं वायरिंग उपसायला काढलं. वळसंगकडचा एक वायरमन आला. त्यानं खड्डा उकरून बघितला आणि भावाला समजावलं, 'फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला न्हाय. माणसाच्या अंगातनं जाती ती वीज फ्यूजला कळत बी न्हाय.' मग पुण्याच्या कारखान्यात बसवतात त्या एका ब्रेकरबद्दल त्यानं सांगितलं. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज तो सारखा ताडून बघतो, आणि मधे कुठे गळाली की मेन पाडतो.

वायरिंग नवं केलं की तो लावावाच लागतो का, असं भावानं विचारलं. वायरमन म्हणाला, तसा काही दंडक नाही. कोरड्या खोलीतल्या दिव्याला अर्थिंग चांगलं असलं की भागतं. 'पर ओला पाय आन् लोखंड जितं एकत्र येतंय, तितं मी तर लावीन बगा.'

नायनांना तो नको होता. बैल गेला नि झोपा केला, असं ते तोडून बोलले. गल्लीत कुणाच्या घरी आहे का, ऊठसूट माग बंद पडतील, असंही म्हणाले. मला ते दगडाच्या काळजाचे वाटले.

खरं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी चहा घेऊन अंगणात गेले तर नायना वायरमनचा हात धरून उभे होते. त्यांचं मोडकंतोडकं मराठी आणखी मोडलं होतं. ते विनवत होते, 'पोरानं विचारलं तर सांगा, ते ब्रेकर असतं तरी उपयोग नव्हता. एवढं सांगा. नाहीतर तो जगायचा नाही.' मी चहा तिथेच कट्ट्यावर ठेवून परत फिरले.

भावानं विचारलंच. वायरमन खड्ड्यात कोळसा भरत होता. वर न बघता म्हणाला, 'आसतं तरी काय उपेग झाला नसता. लई जोरात धरलं हुतं विजेनं.' भावानं मान हलवली. तरी तो म्हणाला, ब्रेकर लावा, आता तिथे अम्मा उभी राहणार आहे. नायनांनी मग विरोध सोडला.

ब्रेकर बसला त्या दिवशी माग बऱ्याच काळानंतर सुरू झाले. खोली पुन्हा दणाणली आणि अम्मानं पदर डोळ्यांना लावला. ब्रेकरवर एक बटण होतं. वीज गळाल्यावर काय होतं ते बघायचं बटण, असं सांगून वायरमननं ते दाबलं.

खट् झालं. दिवा गेला, मोटरी गप्प झाल्या. बटणावरचं त्याचं बोट अजून उचललंही गेलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, 'परत दाखवा.' वायरमननं नायनांकडे बघितलं आणि परत दाखवलं. तिसऱ्यांदा भावानं स्वतः दाबलं. मग तो वळला, पण वायरमनकडे नाही, नायनांकडे. तेलुगूत त्यानं हळूच विचारलं, 'नायना, एवढाच वेळ लागतो?'

वायरमन काहीतरी बोलायला लागला होता, त्याला नायनांनी हातानं थांबवलं.

'वाचली असती रे,' ते म्हणाले.

भाऊ तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. नायना त्याच्याजवळ जाऊन बसले. ब्रेकरचा खटका वर करायला त्या दिवशी कुणीच उठलं नाही.