आड आटला, दंड भरले

आमच्या निलंग्याच्या गल्लीत पहिलवान बरेच होऊन गेले, निदान स्वतःला पहिलवान म्हणवून घेणारे तरी. मी शाळेत ड्रिल मास्तर होतो. पोरांकडून जोर-बैठका काढून घेण्यात माझी उमर गेली. पण कुणी विचारलं, शेषेराव, तुम्ही पाहिलेला सगळ्यात ताकदवान माणूस कोण, तर मी शेजारच्या गुरम्मावैनींचं नाव घेतो. लोक हसतात. हसू देत. त्यांनी वैनींना आडावर पाहिलेलं नाही.

वैनी म्हणजे काडी. नवरा मलप्पाण्णा भुसार मालाचे दुकानदार आणि अंगानं धिप्पाड. हमाल यायला उशीर झाला तर ज्वारीचं पोतं स्वतःच पाठीवर घ्यायचे. दोघं बाजारातून निघाले की गल्ली म्हणायची, निघाला ढोल आणि त्याची टिपरी. एकुलती एक लेक, शिवकन्या, धर्माबादला दिलेली. घरात दोघंच, आणि परसात एक जुना आड.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून आम्ही पेढे वाटले. पण नव्या जिल्ह्याला पाटी मिळाली तशी मलप्पाण्णांना खाट मिळाली. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या डावी बाजू गेली. लकवा.

मग सुरू झाली सेवा. आमच्या मुलखात आजारी माणसाची सेवा करायला लोक जीव टाकतात, आणि त्या माणसाचा जीव त्यातच जातो. मलप्पाण्णांचे धाकटे भाऊ बसवंतप्पा उदगीरला मोठे व्यापारी. भावावर जीव असा, की बातमी कळताच मिळेल त्या जीपनं आले आणि घरादाराला बजावून गेले, "अण्णांनी काडी इकडची तिकडं करायची न्हाई. सगळं हातात द्यायचं." त्याप्रमाणे सगळं हातात, नव्हे, तोंडात जाऊ लागलं. तुपातला शिरा तोंडात, पाण्याचा तांब्या ओठाला. पोट सुटलं आणि मांड्या वाळल्या. अंगाखालची चादर बदलायची तर वैनी मला नाहीतर पलीकडच्या वीरण्णाला हाक मारायच्या. आम्ही दोघंही घरी नसलो तर तो एवढा मोठा माणूस ओल्या अंथरुणात भिंतीकडं तोंड करून पडून राही. एकदा मी त्यांना तसं रडताना पाहिलं. तेव्हा मला इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना.

पुढच्या साली पावसानं पाठ फिरवली. नळ कोरडे पडले, गल्लीतल्या हापशाला नुसती हवा यायची. उरला वैनींचा आड. सकाळ-संध्याकाळ वैनी कप्पीवरनं पोहरा सोडायच्या आणि शेंदायच्या. आपल्या घरचं भरलं की म्हाताऱ्या शेजारणींचंही भरून द्यायच्या. पाणी खाली खाली जात होतं. दोराला नवा तुकडा जोडावा लागायचा, काही दिवसांनी आणखी एक. पोहरा तोच, पण ओढ वाढलेली, आणि भिजलेल्या दोराचं वजन वेगळंच.

सुरुवातीला त्यांचे हात रात्रभर ठणकायचे. एका सकाळी शेवटचा पोहरा अर्ध्यावर असताना त्यांना घेरी आली. माझी बायको सिंधू तिथंच होती म्हणून दोर धरला गेला.

"काय खाल्लंय सकाळपासून?" सिंधूनं विचारलं.

"अजून पूजा व्हायचीय. पाणी आल्याबिगर आंघोळ न्हाई, लिंगपूजेबिगर खाणं न्हाई. आन ह्यांचं झाल्याबिगर माझं कसं?"

मी आमच्या परसातल्या ओट्यावरनं तोंड घातलंच. दुसऱ्याच्या तब्येतीत तोंड घालायची मास्तराची खोडच असते. म्हटलं, "वैनी, स्नायूत तयार जोर असतो तो चार-दोन हिसड्यांपुरता. पुढं तो साठवलेली साखर जाळतो, आणि लांबलं की श्वासावर चालतो. त्या कोठीत तुम्ही काही टाकतच नाही. उपाशी बैल तरी नांगराला जुंपतं का कुणी?"

"बैल म्हणता का मला?"

"बैलाला निदान कडबा मिळतो."

वैनी हसल्या, पण त्यांनी ऐकलं. आदल्या संध्याकाळचं पाणी पूजेला ठेवू लागल्या. आधी पूजा, मग भाकरी आणि मूठभर शेंगा, आणि त्यानंतर आड. मी हेही सांगितलं, की ओढताना स्नायूला बारीक इजा होते, तो भरतो आणि जाड होतो तो नंतर, विश्रांतीत. हे मात्र त्यांना समजवावं लागलं नाही.

"आमच्यात सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मग सोमवारी माझ्यापण."

तेव्हापासून सोमवारी त्यांच्या आडावर सिंधू उभी राही आणि माझ्यावर करवादे, की तोंड घातलंत तुम्ही आणि दोर माझ्या हातात.

पहिले काही आठवडे वैनींचे हात तसेच काडीसारखे दिसायचे, पण पोहरा सरसर वर येऊ लागला. असंच असतं, आधी नसा शिकतात, कुठल्या स्नायूला कधी जुंपायचं ते. मांस मागनं चढतं. दिवाळीपर्यंत तेही चढलं.

दिवाळीनंतर मी आणि वीरण्णानं मलप्पाण्णांना उचलून एसटीत घातलं आणि वैनींसह लातूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं बराच वेळ पाय वाकवून, हात दाबून पाहिला आणि म्हणाला, "लकव्यानं निम्मंच नेलंय. उरलेलं निम्मं खाटेनं नेलं. शरीर वापराबाहेरचं मांस ठेवत नाही. आता थोडं थोडं काम द्या, झेपलं की थोडं वाढवा."

परतीच्या गाडीत औसा मागं पडेपर्यंत वैनी हातातल्या बांगड्या वर-खाली सरकवून बघत होत्या. मग एकदम माझ्यापुढं हात धरला. "मास्तर, बांगड्या बघा." पूर्वी कोपरापर्यंत सरकणाऱ्या बांगड्या मनगटाच्या जरा वर जाऊन अडकत होत्या. "ह्या वयात आडानं मला शिकवलं. ह्यांना का न्हाई शिकवणार?"

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला आडावर बसवलं.

आमच्याकडं आडावर पाणी शेंदणं हे बायकांचं काम. धडधाकट पुरुष तिथं दिसला तरी लोक तोंडाला पदर लावतात. इथं तर दुकानदार, वयानं मोठा, लकव्याचा माणूस! आधी रिकामा पोहरा, कप्पीच्या खांबाशेजारी दगडावर बसून. उजव्या हातानं ओढायचं आणि डाव्यानं दोर नुसता धरायचा. मग पोहऱ्यात तांब्याभर पाणी. मग खांब धरून दगडावरनं उठायचं, बसायचं. मलप्पाण्णा चिडायचे, शिव्या द्यायचे, एकदा तर पोहराच आडात सोडून दिला. वैनींनी गळ टाकून तो काढला आणि पुन्हा त्यांच्या हातात दोर दिला. संक्रांतीच्या सुमारास डावी मूठ दोराला घट्ट बसू लागली. त्या दिवशी मलप्पाण्णांनी शिव्या दिल्या नाहीत.

गल्लीला हे कुठलं पचायला. बायको आजारी नवऱ्याकडनं पाणी शेंदून घेती, ही बातमी एसटीच्या आधी उदगीरला पोचली. बसवंतप्पांचा निरोप आला: उगादीला, म्हणजे पाडव्याला, जीप घेऊन येतो, अण्णांना कायमचं उदगीरला नेतो.

निरोप ऐकून वैनी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "भावजी वाईट न्हाईत, मास्तर. तिथं नोकर हायेत, गादी हाय, लई सेवा होईल." मग म्हणाल्या, "त्याचंच भ्या हाय मला. सेवेनंच संपतील ते."



पाडव्याच्या सकाळी जीप आली. मागं जाड गादी अंथरलेली. बसवंतप्पा उतरले ते थेट परसात गेले, आणि त्यांच्यामागं अर्धी गल्ली. मलप्पाण्णा आडाजवळ दगडावर बसले होते. भावाला त्या अवस्थेत पाहून बसवंतप्पांचे डोळे भरले.

"वैनी, हे काय करायलाव तुमी? घराण्याची लाज हाय का न्हाई?" आणि ते भावाला उचलायला वाकले.

वैनी मध्ये आल्या. "हात लावू नका."

"मग तुमी उचला! लई ताकद आलीय म्हणतेत."

आली होतीच. त्याच आठवड्यात मलप्पाण्णांना ताप आला, तेव्हा वैनींनी त्यांना एकटीनं दगडावरनं खाटेवर नेलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका हिसक्यात त्या त्यांना उभं करू शकल्या असत्या. पण वैनींनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "एळ्री."

त्यांच्या घरात कानडी. एळ्री म्हणजे उठा.

मलप्पाण्णांनी खांब धरला. अर्धे उठले आणि धपकन पुन्हा दगडावर बसले. बायका ओरडल्या, "अगं बाई, धर की त्येंला!" कुणीतरी म्हणालं, "बाई न्हाई, दगड हाय!" मीसुद्धा पुढं झालो. वैनींनी माझ्याकडं असं पाहिलं, की नुसत्या शिट्टीवर शाळाच्या शाळा उभी करणारा मी जागच्या जागी थिजलो.

मी त्यांच्या बाजूला होतो म्हणून मला दिसलं. पाठीमागं एका हातानं त्यांनी दुसरं मनगट आवळून धरलं होतं. दंडाच्या शिरा वर आल्या होत्या. इतकी ओढ त्यांनी आडावर कधी सोसली नसेल.

मलप्पाण्णा लगेच उठायला गेले नाहीत. श्वास घेत बसून राहिले. मी मनात म्हणत होतो, थांबा, अण्णा, घाई करू नका, संपलेला जोर परत भरू द्या. पण त्यांना ते माहीत होतं. दोर ओढताना ते असेच मध्ये थांबायचे.

"एळ्री," वैनी हळूच म्हणाल्या.

मलप्पाण्णा उठले. गुडघा लटपटला, सावरला, आणि तो धिप्पाड माणूस कितीतरी दिवसांनी भावापुढं उभा राहिला. जीपकडं त्यांनी पाहिलंही नाही. खांबाला टेकून दोर हातात घेतला आणि शेंदू लागले. आडाचं पाणी तळाला गेलं होतं. दोर संपतच नव्हता. कप्पी कुरकुरत होती. पोहरा वर आला तो अर्धाच होता. त्यांनी धोतराच्या सोग्यातनं तांब्यात पाणी गाळून घेतलं आणि तांब्या डाव्या हातानं पुढं केला. हात हलत होता, पाणी सांडत होतं.

"बसवंता, लांबनं आलास. पाणी घे."

बसवंतप्पांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला. त्या दुष्काळात त्या पाण्याला चिखलाचा वास होता. ते उभ्या उभ्या सगळं प्याले, मग तांब्या छातीशी धरून लहान पोरासारखे रडले. मग वैनींच्या पायाशी वाकून म्हणाले, "वैनी, मला कळलं न्हाई." मीही रडलो. त्यात लपवायचं काय आहे?

गादी जीपमध्ये होती तशीच उदगीरला परत गेली.

पण त्याआधी वैनींनी पाठीमागचे हात सोडले, तेव्हा मनगटावर बोटांचे वळ उठलेले दिसले. मुठीत एक बांगडी पिचली होती आणि रक्ताचा थेंब आला होता. सिंधू घाबरून पुढं धावली.

"काही न्हाई गं," वैनी म्हणाल्या, "कासाराकडं जायला पायजे," आणि नुसतं पाणी कसं दिलं म्हणून नवऱ्यावर करवादत दिराला गूळ आणायला आत गेल्या.