दुसऱ्या डॉक्टरची खुर्ची

मी स्वभावाने भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शूर समजायला नको. गॅस बंद केला का ते मी दोनदा बघतो आणि जिना उतरल्यावर परत वर जातो. तळेगावच्या ज्या कंपनीत नोकरी केली, तिथे मला सुरक्षा समितीवर घेतलं होतं ते याच गुणामुळे. बायको म्हणायची, तुम्हाला घाबरायचा पगार मिळतो.

निवृत्त झालो तेव्हा घाबरायला एकच विषय उरला, आमची मुलगी. ती डॉक्टर झाली. घोरावाडीच्या आमच्या वस्तीतली पहिलीच. पेढे वाटताना बायकोच्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी मनात म्हणत होतो, आता हिच्या हातून कुणी दगावलं तर? सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना नंतर काही काळ खेड्यात नोकरी करावी लागते. तिला पवन मावळातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. घराजवळ आहे म्हणून सगळे खूश झाले. केंद्रात डॉक्टरांच्या जागा दोन. ती रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत दुसरे डॉक्टर पुढच्या शिक्षणाला गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हापासून आजूबाजूची गावं आणि डोंगरातल्या वाड्या, सगळ्यांचं दुखणंखुपणं एकट्या माझ्या पोरीच्या गळ्यात.

त्या दुसऱ्या डॉक्टरांची खुर्ची तपासणीच्या खोलीत तशीच होती. टेबलाच्या या बाजूला मुलीची, त्या बाजूला ती. दर रविवारी घोरावाडीहून लोकलने कामशेत, तिथून जीप, असा मी तिचा डबा घेऊन जायचो आणि त्या खुर्चीत बसायचो. ती जेवेपर्यंत माझे प्रश्न चालत. दाराला कडी नीट बसते का, कुणी भांडायला आलं तर फोन कुणाला करशील, बदली कधी मागणार? डॉक्टरांना मारहाण झाल्याच्या बातम्या मी पेपरात शोधून वाचत असे. ती भाकरी मोडत ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, पप्पा, तुम्ही माझी भूक मारता.

एक गोष्ट मात्र मी तिच्याजवळ बोलत नसे. माझा आजा त्याच भागातला. गावाबाहेर आमची घरं होती आणि विहिरीचं पाणी त्याला वरून ओंजळीत घ्यावं लागे. आता तसं काही उरलेलं नाही. मुलीला तिथे सगळे मान देतात, कुणी काकड्या आणून देतं, कुणी तांदूळ. तरीही यांच्या घरातलं माणूस आपल्या पोरीच्या हातात गेलं, तर हा मान किती दिवस टिकेल, ही भीती माझ्या पोटात कायम बसलेली असते. एकदा तसं सुचवलं तर ती इतकी चिडली की पुन्हा विषय काढला नाही. न बोलता घाबरायला मला चांगलं जमतं.

तो रविवार आवणीतला होता. सगळी खाचरं भरलेली, माणसं वाकून भात लावत होती. रस्त्यावर मात्र पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ. भुशीच्या धरणावर गाड्या अडवल्या की ती सगळी गर्दी पवनेच्या धरणाकडे वळते, त्यामुळे आमची जीप रांगतच पोचली. केंद्रात आत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती आणि सिस्टर तिच्यापाशी होत्या. शिपाई रजेवर. मुलगी हात धुवायला गेली आणि मी खुर्चीत बसून डबा उघडला. वांग्याची भाजी, सुकटीची चटणी, भाकरी. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

चिखलाने माखलेला एक माणूस बायकोला उचलून आत घेऊन आला. मोटारसायकल चालवणारा शेजारी मुलांकडे बघायला लगेच मागे फिरला. माणसाने बाईला तपासणीच्या पलंगावर ठेवलं, वळला आणि थेट माझे पाय धरले. पिकलेले केस, डॉक्टरची खुर्ची. त्याने मलाच मोठा डॉक्टर ठरवलं.

"सायेब, पान लागलंय वो हिला. बांधावरचं गवात उचालताना हाताला."

आमच्याकडे साप चावला असं कुणी तोंडाने म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. मी पाय मागे घेतले. मी डॉक्टर नाही एवढंही मला सांगता आलं नाही, मी नुसता दाराकडे बोट दाखवत राहिलो. मुलगी धावत आली.

बाईच्या पापण्या जड झाल्या होत्या. मुलगी तिला वर बघायला सांगत होती आणि तिला डोळे उघडता येत नव्हते. बोलायला गेली तर जीभ अडखळायची. मुलीने सलाईन लावलं, सापाच्या विषावरचं औषध काढलं, सिस्टरांना हाक मारून आणखी एक इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं, कारण ते औषधच कधीकधी उलटतं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, बाळा, तू हात लावू नकोस, गाडीत घाल आणि पुढे पाठव.

"वाटेत मरेल ती," मुलगी म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

औषध उलटलं नाही, पण विष पुढे गेलेलं होतं. बाईची छाती नीट हलेनाशी झाली, ओठ काळसर पडले. तोंडातून नळी घालून ती श्वासनळीत सरकवताना मी माझ्या मुलीचा चेहरा पाहिला. तीही घाबरली होती. लहानपणी गणिताच्या पेपरला जाताना जसा व्हायचा, तसाच चेहरा. इतके दिवस मला वाटत होतं की आपण घाबरतो, ती नाही.

नळी बसली. नळीच्या टोकाला तिने रबरी फुगा लावला. तो दाबला की हवा छातीत जाते, सोडला की बाहेर येते. व्हेंटिलेटर तळेगावच्या मोठ्या दवाखान्यात. तिथे पोचेपर्यंत हा फुगा कुणीतरी दाबत राहायला हवा होता. सिस्टरांना केंद्र सोडता येत नव्हतं, आतल्या बाईचं बाळ कुठल्याही क्षणी येणार होतं. ड्रायव्हरला गाडी चालवायची. मुलीला सलाईन, औषध, नाडी, नळीत साचणारी थुंकी, सगळंच बघायचं. तिने फुगा नवऱ्याच्या हातात दिला. तो एकदा दाबायचा आणि बायकोच्या तोंडाकडे बघून हाका मारत बसायचा, हात तिथेच थांबायचा. मुलीने त्याच्याकडून फुगा घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"पप्पा, तुम्ही."

मी नाही म्हणणार होतो. खरंच नाही म्हणणार होतो. पण नाही म्हणायला तिथे दुसरं माणूस असावं लागतं.

रुग्णवाहिका निघाली. मुलीने पद्धत एका वाक्यात सांगितली: तुम्ही श्वास घ्याल तेव्हा दाबा, सोडाल तेव्हा सोडा. ऐकायला सोपं होतं. पण घाबरलेल्या माणसाचा श्वास कसा असतो? मी धापा टाकत होतो आणि त्या धापेबरोबर फुगाही भराभर दाबला जात होता. मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"हळू. तुम्ही घाबरलात की तिचा श्वास चुकतो."

आयुष्यभर माझी भीती माझ्यापुरती होती, फार तर बायकोला तिचा त्रास. त्या गाडीत पहिल्यांदा ती दुसऱ्या कुणाच्या छातीत उतरत होती. मी डोळे मिटून नाकाने सावकाश श्वास ओढायला लागलो. श्वास घेतला, दाबला. सोडला, सोडला. पुढे गाडी करकचून थांबली.

कामशेतच्या अलीकडे परतीच्या गाड्या अडकल्या होत्या. पुढे जायच्या घाईत लोकांनी समोरून येणाऱ्यांच्या बाजूलाही गाड्या घातल्या होत्या, त्यामुळे कुणाला बाजूला व्हायचं असलं तरी जागाच नव्हती. सायरन वाजत होता आणि एका गाडीतून गाणी. ड्रायव्हरने खाली मान घातली. नवरा दार उघडून उडी मारून पुढे पळाला. काचेतून तो दिसत होता, चिखलाच्या पायांनी गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारत, हात जोडत, पुन्हा थापा मारत.

माझी बोटं वळायला लागली. हात बदलताना फुगा निसटेल या विचाराने धाप लागायची आणि मग पुन्हा श्वास आवरावा लागायचा. बाईच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळत होतं. मी इतका वेळ दाबून ठेवलेलं माझ्या तोंडून निघून गेलं, ही गेली तर आपलं काय होईल गं?

मुलगी माझ्या कानाशी आली. "पप्पा, ती बेशुद्ध नाही. तिला हलता येत नाही, एवढंच. तिला सगळं ऐकू येतंय."

मला त्या क्षणी गाडीतून उतरून कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं. पण हातात फुगा होता. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत दाबत राहिलो. गाड्या कशा हलल्या, पुढचा रस्ता कसा गेला, ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या दारात कुणीतरी माझ्या हातातून फुगा काढून घेतला, आणि स्ट्रेचर आत गेल्यावरही माझा पंजा मिटत-उघडत होता. मुलीने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. ती रडत होती. मीही रडलो.

बाई वाचली. काही दिवसांत व्हेंटिलेटर काढला, मग ती घरी आली.

भात कापून झाल्यावर एका रविवारी नवरा-बायको केंद्रात आले. नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली. मी खुर्चीत होतो. तो आता मला आबा म्हणत होता. मला मात्र तिच्याकडे बघवत नव्हतं. गाडीत मी काय बोललो होतो ते तिने ऐकलं असणार, याची भीती मला त्या दिवसापासून होती. ती माझ्यासमोरच येऊन उभी राहिली.

"आबा, मला समदं ऐकू येत व्हतं. तुमी लय भ्याला व्हता."

मी मान खाली घातली.

"मी बी भ्याले व्हते. डोळं उघडंनात, बोलता येईना. वाटलं, जित्तेपणी पुरत्यात काय मला. मंग तुमी भ्यालेलं ऐकलं. म्हनलं, हितं आपल्यावानी आनखी एक हाय."

मग तिने विचारलं, पुढच्या आवणीला मॅडम इथेच आहेत ना. मुलगी दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होती. बदली माग, घरी ये, असं टुमणं तिच्या मागे रविवारमागून रविवार लावणारा मी, चटकन म्हणून गेलो, आहेत की. असं दुसऱ्याच्या वतीने वचन देणं माझ्या रक्तात नाही. दोघं निघून गेल्यावर मला घाम फुटला.

मुलीने ऐकलं होतं. ती समोर येऊन बसली, डबा उघडला आणि बराच वेळ जेवलीच नाही. मला वाटलं रागावली. पण ती रागावली नव्हती. म्हणाली की थांबायचं तिच्याही मनात आहे, ते तिला अवघड वाटत नाही. अवघड दुसरंच आहे, आणि ते त्या दिवसापासून तिच्या डोक्यातून जात नाही.

"पप्पा, तो सोमवार असता तर?"

मी त्या खुर्चीत बसलो होतो. त्या जागेवर माणूस यावं म्हणून मुलीचे अर्ज गेले आहेत, गावानेही सह्या करून दिल्या आहेत, आणि अजून कुणी आलेलं नाही. मी रविवारी जातो. फुगा कपाटात कुठे असतो ते मला माहीत आहे, आणि सिस्टरांनी मला तो नीट धरायलाही शिकवलं आहे. बाकीचे सहा दिवस मी घोरावाडीला घरी असतो, आणि फोन वाजला की माझा श्वास चुकतो.