मौनीला दम पुरत नाही

आमच्या दुकानात आलात की ओरडूनच बोलायचं. कानाची मशीनं विकतो आम्ही. आलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू येत नसतं, त्याच्या बायकोला त्याच्याशी ओरडून बोलायची सवय लागलेली असते, आणि मला त्या दोघांना ओरडून सांगावं लागतं की सेल उलटा घातलाय. शेजारी घड्याळवाल्यांचं दुकान आहे. ते म्हणतात, तुमच्याकडे सदानकदा भांडण चाललेलं असतं. मी म्हणते, भांडण परवडलं हो, ते एकदाचं मिटतं तरी.

या गलक्यात हळू बोलणारा एकच माणूस, माझा धाकटा भाऊ. बोलतो म्हणजे काय, बोललाच तर. लहानपणापासून सगळे त्याला मौनी म्हणतात. आई सांगायची की जन्मला तेव्हाही हा फारसा रडला नाही, जरा इकडेतिकडे बघून झोपून गेला. वडील गेले आणि दुकान आम्हा दोघांवर आलं, तेव्हा वाटणी करायला बसावंच लागलं नाही. तोंड माझं, हात त्याचे. कान तपासायचे, कानात बसणारे साचे घासायचे, मशीन उघडून त्यातला मळ काढायचा, हे सगळं त्याचं. मी काउंटरवर बसून बोलते. दोघांचंही काम जड आहे.

मागच्या बाजूला तपासणीची केबिन आहे. केबिन कसली, कपाटच ते. भिंतींना जाड स्पंज, आणि दार इतकं जड की मला खांदा लावून ढकलावं लागतं. बाहेरचा आवाज आत जात नाही, आतला बाहेर येत नाही. गिऱ्हाईक आत हेडफोन घालून बसतं. मौनी बाहेर टेबलाशी बसून बटणं दाबतो. आत बारीकमोठे आवाज वाजतात, आणि ऐकू आला की गिऱ्हाइकानं हातातलं बटण दाबायचं. मधल्या छोट्या काचेतून दोघं एकमेकांना दिसतात. आतल्या माणसाचं बोलणं कळावं म्हणून आत माइक आहे आणि बाहेर टेबलावर स्पीकर.

त्या केबिनमध्ये मी जन्मात बसले नव्हते. मौनी दर वर्षी एकदा म्हणायचा, "ताई, तुझे कान बघू या." मी म्हणायची, माझ्या कानांना काय धाड भरलीय, आधी आलेल्यांचे बघ.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मौनी डबा घेऊन त्या कपाटात काचेकडे पाठ करून बसायचा. मला वाटायचं, माझ्या तोंडापासून सुटका म्हणून जात असेल, जाऊ दे बिचारा. एकदा बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. तसलं बंद कपाट, गुदमरला बिदमरला तर? मी धावत जाऊन टेबलावरचा स्पीकर लावला, आणि ऐकते तर काय, मौनी गात होता.

आमच्या घराण्यात कोणी धड अंगाई गायलेलं मला आठवत नाही. आणि हा माझा न बोलणारा भाऊ, डब्यासमोर बसून, स्वतःच जुळवलेल्या दोन-दोन ओळी असा काही गात होता की मी उभी होते ती खालीच बसले. तेव्हापासून माझा नेम झाला. तो आत गेला की स्पीकर लावायचा, तो बाहेर यायच्या आत बंद करायचा.

असली गोष्ट दुकानात लपते थोडीच. दुपारी एकेक आजोबा-आजी यायला लागले. कुणाचा सेल संपलेला, कुणाचं मशीन कुईकुई करतंय, आणि सगळ्यांचं नेमकं जेवायच्या सुट्टीतच. नवं मशीन घातलेल्या माणसाला जगातला प्रत्येक आवाज त्रास देतो, अगदी वर्तमानपत्राची घडी सुद्धा. मौनीच्या गाण्याची मात्र कुणी कधी तक्रार केली नाही. पायरीवरच मी प्रत्येकाला बजावायची की त्याला कळता कामा नये. लाजरा आहे, कळलं तर पुन्हा म्हणून तोंड उघडायचा नाही. आजोबा मंडळी ओठांवर बोट ठेवून आत यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायची, "आम्ही नाही सांगत."

गाण्यात खोट एकच होती. मौनी मध्येच थांबायचा. दोन ओळी झाल्या की गप्प, चांगला बराच वेळ गप्प, मग पुन्हा दोन ओळी. दम पुरत नाही, दुसरं काय. दिवसभर बसून काम आणि व्यायामाच्या नावानं शंख. मजा म्हणजे तो थांबला की आजोबा मंडळी डोळे मिटायची, माना हलवायची, एखादा हळूच "वा" म्हणायचा. मला हसू यायचं. म्हटलं, म्हातारे कान, गाणं पोचेपर्यंत उशीर होत असेल. स्पीकरही जुना झाला होता, त्याचा आवाज पार बसला होता, म्हणून मी तो अधूनमधून वाढवायची. घड्याळवाले म्हणाले, आता आम्हाला आमच्या दुकानात बसून ऐकू येतं. मी म्हटलं, फुकट ऐकायला मिळतंय ना, मग ऐका की.

असं छान चाललं होतं, आणि एक दिवस तो संगीतवाला आला.

त्याच्या वडिलांना मशीन हवं होतं, म्हणजे त्याला हवं होतं. वडील म्हणत होते, मला सगळं ऐकू येतं, तूच पुटपुटतोस. मी दोघांना बसवलं. मौनी नुकताच डबा घेऊन आत गेला होता. गाणं सुरू झालं आणि तो गृहस्थ हातातला फोन बोलता बोलता बंद करून उठून उभाच राहिला.

"हे कोण?"

"माझा भाऊ. तुम्ही बसा."

तो काही बसेना. म्हणाला, मी जाहिरातींना आणि सिनेमांना संगीत देतो, माझा मोठा स्टुडिओ आहे, यांना माझ्याकडे पाठवा. एक-दोन दिवसांचं नाही, कायमचं काम देतो.

"गाणारे मला पुष्कळ मिळतात," तो म्हणाला. "पण यांचं हे मधलं जे आहे ना, ते कुठे मिळत नाही."

मधलं? मध्ये तर मौनी गप्प असतो. मला वाटलं, हा आमची थट्टा करतोय, आणि माझं डोकं सणकलं.

"हे बघा," मी म्हटलं, "माझ्या भावाला दम पुरत नाही, मध्येच थांबतो, हे आम्हालाही कळतं. ते दाखवून द्यायची गरज नाही. आणि चार माणसांत तो तोंड उघडायचा नाही. त्याला हे जमणार नाही."

"दम पुरत नाही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात मशीन न्यायला येईन, तोवर विचारून तर ठेवा.

मी विचारलं नाही. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मौनीला विचारलंस का?" मी म्हटलं, "त्याला काय विचारायचं, तो बोलतो का?" नवरा पांघरूण ओढून झोपला, पण मला झोप लागेना. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मौनी गेला तर दुकानाचे हात गेले. आणि ते एक वेळ दुसरे मिळतील, पण माझ्या दुपारचं काय? दिवसभर घसा फोडते मी, तेवढीच एक वेळ मी गप्प बसून असते. ती मला कुणाला द्यायची नव्हती.

पुढच्या आठवड्यात बापलेक आले. मौनीनं म्हाताऱ्यांच्या कानात मशीन बसवलं, ते बसताच म्हातारे मुलाला म्हणाले, "आता ओरडू नकोस." सगळे हसले, आणि त्या हसण्यातच संगीतवाल्यानं सरळ मौनीला गाठलं.

"मग काय ठरवलंत, माझ्या स्टुडिओत गायला येताय ना? तुमच्या ताई म्हणाल्या, तुम्हाला दम पुरत नाही, मध्येच थांबता. मला तर काही कळलंच नाही."

झालं, बिंग फुटलं. मी मान खाली घालून पावतीपुस्तक चाळायला लागले. आता हा चिडणार, स्पीकरचं विचारणार. पण मौनी नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग त्या माणसाला म्हणाला, "संध्याकाळी कळवतो."

ते गेल्यावर त्यानं दाराला आतून कडी घातली.

"ताई, केबिनमध्ये बस."

"मी कशाला?"

"तू बसलीस तरच मी काय ते ठरवणार."

असा हट्ट त्यानं आयुष्यात केला नव्हता. मी पुटपुटत आत गेले आणि दार लागलं. आत इतकं शांत होतं की मला माझा आवंढा गिळलेला ऐकू आला. हेडफोन घातला. बघते तर दारावर एक छोटा लाल दिवा लागलेला.

"हा दिवा कसला रे?"

हेडफोनमधून त्याचा आवाज आला. "बाहेरचा स्पीकर चालू असला की लागतो."

मी दिव्यावर बोट ठेवलं.

"दुपारी पण लागतो?"

"रोज. मी डबा उघडतो ना उघडतो तोच लागतो."

"म्हणजे तुला माहीत होतं? आम्ही सगळे ऐकतो हे?"

"हो."

"अरे, मग तू लाजतोस म्हणून आम्ही सगळे…"

"मी लाजतो असं कोण म्हणालं?"

"मग बाहेर बसून का नाही गायलास कधी?"

"कोणी विचारलं नाही," मौनी म्हणाला. "आणि बाहेर तू बोलत असतेस."

त्यानं तपासणी सुरू केली. आधी जाड आवाज आले, मी पटापट बटण दाबलं. मनात म्हटलं, बघ, खणखणीत आहेत माझे कान. मग एकदम सगळं थांबलं. मला वाटलं, गेला फोन घ्यायला. कर की सुरू, असं ओरडायला म्हणून मी काचेतून बघितलं, तर मौनी जागेवरच होता. त्याचं बोट बटणावर होतं. तो दाबत होता. आवाज वाढवत होता आणि पुन्हा दाबत होता. मी ढिम्म बसले होते. काचेपलीकडे असं बसलेली माणसं मी इतकी वर्षं बघत आले. त्यांची मला दया यायची. हातातलं बटण मी मांडीवर ठेवून दिलं.

मौनी आत आला. हातात दोन मशीनं होती. त्यानं ती माझ्या कानांत बसवली, दार ओढून घेतलं आणि समोर उकिडवा बसला. त्या कपाटात आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. मग त्यानं दुपारच्या त्या दोन ओळी म्हटल्या आणि नेहमीसारखा थांबला.

थांबला नव्हता. ओठांचा चंबू करून तो शीळ घालत होता. बारीक, लांब, अगदी हळू. वर गेली, तिथेच जरा फिरली, गाण्याच्या ओळी जे सांगत नव्हत्या ते सगळं सांगून सावकाश खाली आली, आणि ती संपते तिथूनच पुढची ओळ सुरू झाली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतकी वर्षं मी मोठ्या दिमाखात स्पीकर लावत होते, आणि गाणं अर्धंच ऐकत होते.

"हे रोज असतं?" मी विचारलं.

"रोज. स्पीकरचं बटण रोज जरा पुढे सरकलेलं दिसायला लागलं तेव्हाच तुझ्या कानांचं मला कळलं होतं. पण तू आत बसायला तयार होईनास." मग तो हसला. "आता सांग, दम पुरतो का माझा?"

"पुरतो."

"मग जाऊ का?"

ज्याला कधी कोणी विचारलं नाही, तो मला विचारत होता. मी नको म्हटलं असतं तर तो राहिला असता, मुकाट्यानं. माझा भाऊ आहे, मला ठाऊक आहे. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जा," मी म्हटलं. "आणि संध्याकाळपर्यंत थांबू नकोस, आत्ताच फोन लाव."

आता मौनीच्या जागी एक मुलगी आहे. हात चांगले आहेत तिचे, पण माझ्याहून जास्त बोलते, त्यामुळे दुकानाला सध्या दोन तोंडं झालीत. आजोबा मंडळी सवयीनं दुपारी येऊन बसतात. माझ्या कानांत मशीनं आहेत. पंखा घरघरतो हे मला ऐकू येतं, माझी चप्पल वाजते हे ऐकू येतं, आणि मौनी नाही, हेही चांगलंच ऐकू येतं.

परवा दुपारी घड्याळवाल्यांच्या रेडिओवर कसल्याशा साबणाची जाहिरात लागली. कोणा बाईनं दोन ओळी म्हटल्या आणि मध्ये शीळ आली. आजोबा मंडळींनी डोळे मिटले. मीही मिटले. आणि या वेळी सगळ्यांच्या आधी माझं "वा" आलं.